जपानच्या अर्थमंत्र्यांचे भाऊजी

भिलाईच्या कारखान्यात पस्तीस वर्षं कारकुनी करून शेषराव ठवकर निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी त्यांच्या वक्तशीरपणाबद्दल चार वाक्यं म्हटली आणि मग हसून विचारलं, "अब जापान की खबर हमें कौन देगा, ठवकरजी?" सगळं ऑफिस खो खो हसलं. शेषरावही हसले. काटोलकडचा हा माणूस. नागपूर आणि रायपूर यांच्या पलीकडे त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं, पण जपानच्या संसदेत कोण कोणावर रुसलं आहे हे त्याला तोंडपाठ. त्यातही केन्जी ओरिकासा नावाच्या एका पुढाऱ्याचं तर विचारूच नका. तो पहिल्यांदा निवडून कधी आला, शेतीखात्यात उपमंत्री कधी झाला, पक्ष फुटला तेव्हा कुठल्या बाजूला राहिला, हे सगळं शेषराव चहाच्या घोटाबरोबर सांगत. ऑफिसात त्यांना ‘जपानवाले बाबू’ म्हणत. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, तसा यांचा हा छंद, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

छंद कसला डोंबलाचा! शेषराव एकदा बायकोशी एक खोटं बोलले होते, आणि ते निभावता निभावता माणूस अर्धा जपानी झाला होता.

ही गोष्ट सुरू झाली पंच्याऐंशी साली. एका यंत्राच्या जुळणीसाठी चार जपानी इंजिनिअर कारखान्यात आले होते. त्यांतला सगळ्यात लहान केन्जी हायामा, सत्तावीस वर्षांचा, चष्मेवाला, केसांचा भांग पट्टीनं आखल्यासारखा. त्यांचे गेटपास, जीप, राहण्याची सोय हे सगळे कागद शेषरावांच्या टेबलावरून जायचे. एकदा केन्जी तीन दिवस कामावर आला नाही. शेषराव चौकशीला गेले तर पोरगा गेस्ट हाऊसच्या तिखट रश्श्यानं हैराण होऊन पलंगावर आडवा. शेषरावांनी त्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि सरळ सेक्टर सातच्या आपल्या क्वार्टरमध्ये आणलं.

अन्नपूर्णाबाईंनी मऊ भात केला, वर मुगाचं पातळ वरण आणि चिमूटभर मीठ. पोरानं ताट पुसून खाल्लं. बाईंनी दुसऱ्यांदा वाढायला घेतलं तर लाजून लाल झाला, पण तेही संपवलं. मग उठून रिकाम्या ताटापुढे कमरेतून वाकला. बाई घाबरल्याच.

"अजी, याले सांगा न, ताटाच्या पाया नाही पडत म्हणा!"

त्यानंतर प्रत्येक रविवारी केन्जी हजर. त्याला मराठीचा गंध नाही, बाईंना इंग्रजीचा नाही, तरी दोघांच्या गप्पा तासन् तास चालायच्या. बाईंचं शिवणयंत्र वर्षभर अडून बसलं होतं, ते त्यानं एका दुपारी उघडून, तेल देऊन चालू केलं. बदल्यात बाईंनी त्याला पुरणपोळी खायला शिकवली. शेषराव दोघांच्या मधे दुभाषा म्हणून बसत आणि बहुतेक वेळा त्यांना कोणी काही विचारतच नसे.

त्या वर्षीची दिवाळी आली. अन्नपूर्णाबाईंना एकच भाऊ होता, धोंडबा. एकोणिसाव्या वर्षी गावच्या विहिरीत पोहायला उतरला तो वर आलाच नाही. तेव्हापासून भाऊबीजेला बाई चंद्राला ओवाळायच्या. ज्या बहिणीला भाऊ नाही तिनं चंद्राला भाऊ मानायचं, अशी आपल्याकडची रीत. त्या संध्याकाळीही त्या तबक घेऊन अंगणात उभ्या होत्या, बीजेची कोर दिसायची वाट पाहत. तेवढ्यात फाटक वाजलं आणि केन्जी आला, हातात बिस्किटांचा पुडा. बाईंनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग आत गेल्या, पाट मांडला, भोवती रांगोळी काढली आणि त्याला हाताला धरून बसवलं.

"सिस्टर. ब्रदर. लॅम्प," शेषरावांनी जमेल तसं समजावलं.

केन्जी मांडी घालून ताठ बसला. कुंकू लावून घेतलं, अक्षता लावून घेतल्या, तोंडात कोंबलेली करंजी गिळली. मग तबकात काही घालायचं असतं हे त्याला कळलं, तशी त्यानं पाकिटातून एक पिवळं नाणं काढलं. मधोमध भोक असलेलं. आमच्याकडे हे नाणं शकुनाचं असतं, असं तो म्हणाला. बाईंनी ते नाणं देवघरात नेऊन ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावून रडल्या. किती वर्षांनी त्यांनी माणसाला ओवाळलं होतं!

मार्चमध्ये काम संपलं. दुर्गच्या फलाटावर केन्जी बाईंना म्हणाला, "नेक्स्ट दिवाली." तेवढं बाईंना दुभाष्याशिवाय कळलं.

पुढच्या सप्टेंबरात जपानहून ऑफिसला एक पत्र आलं. पत्र सुट्या भागांबद्दल होतं. कुठला भाग कधी निघेल, कुठल्या बंदराला लागेल. शेवटी दोन ओळी होत्या की श्री. हायामा यांचं ऑगस्टमध्ये मोटार अपघातात निधन झालं, यापुढचा पत्रव्यवहार अमुक गृहस्थांच्या नावे करावा. शेषरावांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग आवक रजिस्टरमध्ये त्याची नोंद केली, नंबर टाकला आणि फाइलला लावलं. दुसरं काय करणार? ऑफिसात रडता येत नाही.

घरीही रडता आलं नाही. अन्नपूर्णाबाईंना सातवा महिना होता. आधीची दोन मुलं पोटातच गेलेली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, धक्का बसेल असं काही कानावर पडू देऊ नका. बाळंतपण होऊ दे, मग सांगू, असं शेषरावांनी ठरवलं. दिवाळी आली तेव्हा त्यांनी सांगितलं, "त्याले व्हिसा नाही भेटला." बाईंनी रिकामा पाट मांडला, त्यावर ते नाणं ठेवलं आणि नाण्याला ओवाळलं. पंधरा दिवसांनी नूतन झाली. मग बाई बाळंतीण होत्या. मग अंगावर पाजत होत्या. मग नूतनला गोवर निघाला. प्रत्येक वेळचं कारण खरं होतं, आणि अशा खऱ्या कारणांतच वर्ष निघून गेलं.

पुढच्या भाऊबीजेला बाई पाटाजवळ बसून राहिल्या.

"एक ओळ लिहाले काय होते हो त्याले? एक भाऊ मेला माहा, अन् एक विसरला. मेलेला बरा, त्याचा राग तरी नाही येत."

शेषरावांच्या काळजाला घरं पडली. खरं सांगायची तीच वेळ होती. पण समोर नूतनला मांडीवर घेऊन बायको रडत होती, आणि बिचाऱ्या केन्जीवर नसता आळ येत होता. त्यांच्या खिशात वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. टाऊनशिपच्या वाचनालयात इंग्रजी पेपर चाळताना त्यांना जपानच्या एका नव्या तरुण खासदाराचा फोटो दिसला होता. तोच चष्मा, तोच भांग, नावही केन्जी. मेलेला मित्र जिवंत दिसल्यासारखं वाटलं म्हणून त्यांनी वाचनालयवाल्याला विचारून तो फोटो कापून घेतला होता. नुसता जवळ ठेवायला. तो त्यांनी बायकोपुढे धरला.

"हे पाय. विसरला नाही तो. निवडणुकीत उभा होता. निवडून आला."

"अन् आडनाव दुसरंच हाय न!"

"घरजावई झाला. तिकडं सासऱ्याचं आडनाव लागते."

हे मात्र शेषरावांनी कुठंतरी वाचलेलं होतं आणि खरंही होतं. बाई दोन दिवस फुगून बसल्या. माह्या भावाले काय कमी होतं म्हणून घरजावई झाला, म्हणून. तिसऱ्या दिवशी त्यांचं त्यांनाच पटलं.

"माहं नाई का बदललं नाव? माहेरची मी राधा, तुमी अन्नपूर्णा केली. त्याचं बदललं तं कोणतं आभाळ कोसळलं?"

झालं. खोटं बोलायचंच तर माणसानं असा पुढारी निवडावा, जो एकदा आपटून कायमचा घरी बसेल. पण शेषरावांचं नशीब असं की हा ओरिकासा हटेचना. तो उपमंत्री झाला, मंत्री झाला, पक्षाच्या तिजोरीवर बसला. दर मंगळवारी शेषराव वाचनालयात जाऊन पेपर पालथे घालत आणि रात्रीच्या जेवणाला बायकोला हवाल देत. फोटो निघाला की बाई निरखून म्हणत, "वाळला. बायको धड जेवाले नाही घालत दिसते." त्याला एकही चिठ्ठी मात्र त्यांनी कधी लिहू दिली नाही. शेषरावांनी देवाचे आभार मानले, पण कारण ऐकून ते ओशाळले.

"मोठा माणूस झाला तो आता. चिठ्ठी गेली का त्याले वाटन, बहीण काई मागून राहिली. मागून घेतलं तं थे ओवाळणी नाही."

ओरिकासा अर्थमंत्री झाला त्या दिवशी बाईंनी सिव्हिक सेंटरमधून दोन किलो पेढे आणवले आणि आख्ख्या ब्लॉकमध्ये वाटले. "साऱ्या देशाची तिजोरी माह्या भावाच्या हाती!" शेजारीण म्हणाली, "भाभीजी, हमारा भी कुछ लोन पास करवा दो," तर बाई गंभीरपणे म्हणाल्या, आम्ही कधी काही मागितलं नाही आणि मागणारही नाही. शेषरावांनी तो पेढा तोंडात धरला, पण त्यांना गिळवेना.

अकरा महिन्यांत त्याला राजीनामा द्यावा लागला. त्याच्या कचेरीतल्या माणसानं पैसे घेतले होते, जबाबदारी याच्यावर आली. बाई त्या रात्री जेवल्या नाहीत. "त्यानं नसन खाल्ले. दुसऱ्यांदा वरण वाढलं तं लाजला होता थो. असा माणूस पैसे खाईन?" पुढच्या निवडणुकीत तो पडला. बाईंनी सोळा सोमवार धरले. त्याच्या पुढच्या निवडणुकीत तो जिंकला, आणि त्याचं श्रेय जपानी मतदारांना कधीच मिळालं नाही.

आणि खरा केन्जी? त्याच्यासाठी शेषराव एकच गोष्ट करत. ज्या तारखेला ते पत्र आलं होतं, त्या दिवशी ते कॅन्टीनमध्ये जेवत नसत. विचारलं की म्हणत, पोट ठीक नाही. असं त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं आणि नंतर घरीही. बाई म्हणत, दर सप्टेंबरात तुमचं पोट बिघडते, डॉक्टरला दाखवा.

निवृत्तीनंतर त्यांनी कुरुदला लहानसं घर बांधलं. नूतन लग्न होऊन दुर्गला गेली होती, तिची मुलगी समृद्धी कॉलेजात जाऊ लागली. वाचनालय सुटलं, आता जपानचा हवाल समृद्धीच्या फोनवरून येऊ लागला. आणि नेमकी तिथंच माशी शिंकली. फोन काही शेषरावांना विचारून बातम्या देत नव्हता.

एका दुपारी ती आजोबांना स्कूटीवरून सुपेल्याला घेऊन गेली, चष्म्याची काच बदलायला. काम झाल्यावर दोघं रसाच्या दुकानात बसली. समृद्धीनं ग्लास बाजूला सारला.

"आबाजी, एक बात पूछूँ? वो ओरिकासा तो कभी इंडिया में रहा ही नहीं. बँकेत होता तो. घरजावई पण नाही, बाप की ही सीट है. मग आजीचा भाऊ कोण?"

शेषरावांनी आजूबाजूला पाहिलं. कोणाला ऐकू जाईल अशी तिथं शांतताच नव्हती. आणि मग या माणसानं, ज्यानं अडतीस वर्षं तोंडातून ब्र काढला नव्हता, त्या गडबडीत नातीला सगळं सांगून टाकलं. मऊ भात, नाणं, सुट्या भागांचं पत्र, रजिस्टरमधला नंबर. तो नंबरसुद्धा त्यांना आठवत होता.

समृद्धीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मतलब उस लड़के के लिए यहाँ कोई रोया ही नहीं?"

शेषरावांनी मान हलवली.

"आजीला सांगा, आबाजी. तिला कळायला पाहिजे ना, ती कोणाला ओवाळते ते."

"दिवाळीच्या आत सांगतो," शेषराव म्हणाले. "तुही शपथ."

शपथ घेतली खरी, पण त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. बायकोचं वय अडुसष्ट. सांगितलं तर तिचा भाऊ तर जाईलच, नवराही जाईल. ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवून तिनं पेढे वाटले, उपास केले, तो माणूस खोटा निघेल. न सांगावं तर नातीला तोंड कसं दाखवायचं? ते रोज सकाळी ठरवत की आज, आणि रोज बाई काहीतरी हसून बोलत आणि ते राहून जाई.

दिवाळी आठ दिवसांवर आली. सकाळी दहाच्या सुमाराला समृद्धीचा फोन आला.

"आबाजी, ओरिकासा गुजर गए. हॉस्पिटलमध्ये. आज सांगाच. नाही तर आजी एका परक्या माणसासाठी रडेल."

शेषराव स्वयंपाकघरात गेले. बाई चकल्या तळत होत्या. त्यांनी वाक्यं जुळवून ठेवली होती. पहिलं वाक्य, केन्जी गेला. दुसरं, आज नाही गेला, नूतन पोटात होती तेव्हाच गेला. तिसरं, मले माफ कर.

"ऐक व. केन्जी गेला."

बाईंनी झारा कढईवर धरला, तेल निथळू दिलं, चकल्या काढल्या, गॅस बंद केला. मग तिथंच खाली जमिनीवर बसल्या. शेषराव दुसऱ्या वाक्यासाठी श्वास घेत होते.

"काय झालं होतं?"

"हॉस्पिटलात होता," शेषरावांच्या तोंडून निघून गेलं.

"लेकरं जवळ होती का?"

"होती."

बाईंचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "धोंडबा गेला तं मी वर्षभर रडलो. त्यानं काईच नाही पायलं म्हणून रडलो. लग्न नाही, लेकरू नाही, दाढीसुदा धड नोती फुटली. थे दुख अजून गेलं नाही माह्यातून. याचं तसं नाही झालं. यानं बायको पायली, लेकरं पायली, मंत्री झाला, पडला, उठला. सारं भोगून गेला. देवानं माहा एक भाऊ कच्चा नेला, पण एक तरी पिकू देला. आता मले देवाबद्दल काई म्हणाचं नाही."

शेषरावांना डोळ्यांपुढे सत्तावीस वर्षांचं ते पोर दिसलं, दुर्गच्या फलाटावर हात हलवणारं. दुसरं वाक्य राहिलं ते राहिलंच. एकच समाधान या बाईच्या पदरात होतं. ते खोटं होतं, आणि ते त्यांनीच घातलं होतं. आता ते काढून घ्यायला त्यांचा हात धजेना.

बाई उठल्या. न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या केसांनी बाहेर आल्या. "मी तीन दिवस देवाले हात नाही लावत. तुमी दिवा लावत जा. तुमाले काई लागत नाही."

"मलेबी सुतक हाय," शेषराव म्हणाले.

"तुमाले कसं? मानलेला भाऊ तं माहा."

"मीच आणलं होतं न त्याले घरी. स्कूटरवर बसवून." ते न्हाणीत गेले, नळ सोडला, आणि अडतीस वर्षं आत कोंडलेलं रडू नळाच्या आवाजाला न जुमानता बाहेर पडलं. बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. आपला नवरा असा रडू शकतो हे त्यांना माहीतच नव्हतं. स्वतःचं दुःख विसरून त्या दाराबाहेरून त्याचीच समजूत घालत राहिल्या. "असं नका करू जी. पिकलं पान होतं. त्याचं सारं झालं होतं." ते ऐकून शेषराव आणखीच रडत होते.

संध्याकाळी समृद्धीचा फोन आला. "सांगितलं?"

"सांगितलं. केन्जी गेला म्हणून सांगितलं."

"और?"

"अन् काई नाही, बाई. माह्याच्यानं नाही झालं. पण रडलो आमी. तू म्हणत होती न, त्याच्यासाठी कोणीच नाही रडलं. दोघंबी रडलो."

फोनमधून समृद्धीच्या नाकाचा सुंसुं आवाज तेवढा आला.

भाऊबीजेला बाईंनी दरवर्षीसारखा नाण्यासाठी पाट मांडला नाही. अंधार पडायच्या आत तबक घेऊन त्या गच्चीवर गेल्या, गुडघे दुखत असताना कठडा धरून धरून. शेषराव मागून गेले. कुरुदच्या नव्या इमारतींच्या मधल्या फटीत बीजेची कोर दिसत होती, आता मावळेल अशी. तबकात यंदा दोन निरांजनं होती आणि त्यांच्यामधे ते भोकाचं पिवळं नाणं.

"एक धोंडबाचं, एक केन्जीचं," बाई म्हणाल्या. "दोघंबी आता तिथंच."

त्यांनी तबक वर धरून ओवाळलं. शेषराव पाहत राहिले. इतकी वर्षं हा दिवा कोणा भलत्याच माणसाच्या नावानं फिरत होता, आणि ज्याचा होता तो पोरगा एकटाच तिकडे वाट पाहत बसला होता. आज बायकोला काही ठाऊक नसताना तो बरोबर त्याच्यापुढे गेला.

"अजी, असे काय उभे? हात जोडा न. तुमचा साळा होता थो."

शेषरावांनी हात जोडले नाहीत. त्यांनी चपला काढल्या, दोन्ही हात अंगाशी धरले आणि कमरेतून खाली वाकले, रिकाम्या ताटापुढे तो वाकला होता तसे. कोर मावळली तरी ते बराच वेळ वर आले नाहीत.